फरहीनच्या नळीतलं तूप

आखाडा बाळापूरच्या बसस्टँडसमोर, माझ्या बियाण्यांच्या दुकानाला लागून फरहीनची लॅब आहे. नांदेडला कोर्स करून तिनं ती थाटली तेव्हा गावानं नाकं मुरडली. रक्त तपासायला आपलं नांदेडच बरं, म्हणे! त्या शहाण्यांचा मला आजही राग येतो. तिच्या अब्बांनी गाद्या भरून लेकीला शिकवलं होतं. ती मात्र बिनघोर म्हणायची, "काका, एक मोठं माणूस येऊ द्या. मंग बघा."

मोठं माणूस आलं ते जळबा पैलवान. वय झालं तरी बाजार त्यांच्या शब्दावर चालायचा. डॉक्टरांनी त्यांना रक्तातली चरबी तपासायला सांगितली होती.

"रातीपासून पोटात अन्नाचा कण न्हाई," छातीवर हात ठेवून ते म्हणाले.

फरहीननं रक्त नळीत काढून यंत्रात फिरवलं. वर पिवळसर पाणी यायला हवं होतं, आलं दुधासारखं पांढरं.

"मामा, रिपोर्ट देणार न्हाई. तुमी कायतरी खाल्लंय."

"मला खोटं पाडून राहिली? तुझं यंत्रच बिघडलंय!"

दारात गर्दी जमली. आता ही लॅब बंद पडणार, असं मला वाटलं. अंदाजे आकडा लिहून ती सुटली असती, पण तिनं तसं केलं नाही.

"बरं, खाल्लं न्हाई. पिलं काय?"

"पहाटं दुधात तूप. खुराक हाय तो, खाणं न्हवं!"

गर्दी हसली. फरहीन हसली नाही. तिनं नळी उजेडात धरली.

"हे तुमचं तूप. ते रक्तात विरघळत न्हाई. म्हणून अंगातली प्रथिनं त्याच्याभवती पिशवी करून ते वाहून नेतात. जिथं लागतं तिथं दुसरं प्रथिन माल उतरवून घेतं. तुमचा माल अजून वाटंतच हाय, मोजू कसा? उद्या नुसतं पाणी पिऊन या."

पैलवान दुसऱ्या दिवशी आले. पाणी नितळ आलं, आकडे मात्र वाढलेलेच होते.

"खुराकाचं डॉक्टरांना इचारा," ती म्हणाली. पैलवान रिपोर्ट खिशात घालून निघून गेले. बाजारात ते काय सांगतील, याची मला काळजी लागली.

बाजाराच्या दिवशी पाहतो तर पैलवान लॅबच्या पायरीवर ठाण मांडून बसलेले. येईल त्याचा दंड धरून दरडावत होते, "तोंडात काय गेलं ते आदी खरं सांग. ह्या पोरीनं माझं बी ऐकलं न्हाई, तुझं काय ऐकंल?"