वळचणीखालची सात बाळं

"हेडिंग ठरलंय," हेर रीडलिंग म्हणाले. "'रोमन शेतघरात बालहत्या'. शुक्रवारी प्रेसला जाईल."

मी कंटेनरच्या दारातच उभी होते. बुटांना शेरभर चिखल. कंटेनर म्हणजे साइटवरचं आमचं ऑफिस. एक टेबल, एक हीटर, एक कॉफी मशीन. हेर म्हणजे श्रीयुत. रीडलिंग आमच्या कंपनीचे मालक, माझे शेफ, म्हणजे बॉस. शेजारच्या खुर्चीत गावचे बुर्गरमाइस्टर बसले होते, म्हणजे मेयर.

"हत्या कोणी केली?" मी विचारलं.

"रोमनांनी," शेफ म्हणाले.

"कशावरून?"

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. जणू मी लग्नात जाऊन नवरदेवाची पत्रिका मागितली होती.

आधी आमचा धंदा सांगते. जर्मनीत इमारत बांधायची आणि जमिनीखाली जुनं काही असलं, तर आधी आमच्यासारख्या कंपनीला बोलावतात. आम्ही खणतो, मोजतो, फोटो काढतो, रिपोर्ट देतो. मग वर सिमेंट ओततात. म्हणजे त्या जागेचं पुढे जे उरतं, ते फक्त आमच्या रिपोर्टात. मी पुण्यात एम.ए. केलं, इकडे येऊन पुन्हा शिकले, आणि पंधरा वर्षं हेच करतेय. ही साइट नेकारसुल्मपासून वीस मिनिटांवर होती. वर गोदाम होणार होतं, खाली रोमन व्हिला होता. व्हिला म्हटल्यावर लोणावळा आठवू नका. हे मळ्यातलं घर. धान्य, गुरं, गडीमाणसं, चुली. आणि मागच्या भिंतीबाहेर, छपराचं पाणी जिथे गळतं त्या वळचणीखाली, सात लहान खड्डे. प्रत्येकात एका तान्ह्या बाळाची हाडं. मांडीचं हाड माझ्या तर्जनीएवढं.

"गावाबाहेर त्यांचं स्मशान होतं," शेफ समजावून सांगू लागले. "तिथे या बाळांना नेलं नाही. मागच्या भिंतीला टाकून दिलं. आल्झो, म्हणजेच, नकोशी होती."

'नकोशी'ला त्यांनी जर्मन शब्द वापरला होता. त्याचं मराठी माझ्या डोक्यात आपोआप झालं आणि तिथेच माझं टाळकं सरकलं.

"टाकलेली नाहीत," मी म्हणाले. "खड्डा खणलाय, बाळ कुशीवर ठेवलंय, वर कौल पालथं घातलंय. नळीचं कौल, अर्धगोल, अख्खं. टाकून द्यायला एवढी मेहनत कोण करतं?"

शेफनी शांतपणे साइटची डायरी उघडली. रोजच्या कामाची नोंद असते ती. माझ्याच अक्षरातली ओळ त्यांनी वाचली: "खड्डा एक. छपराचा राडारोडा, काढला."

खरं होतं. पहिला खड्डा लागला तेव्हा तो कबर आहे हे माहीतच नव्हतं. छप्पर कोसळून सगळीकडे कौलंच कौलं पडली होती. मी ते कौल उचललं आणि ढिगावर फेकलं. फोटो नाही, नंबर नाही. हाडं त्याच्या खाली निघाली. बाकी सहा जागी मी शहाणी झाले होते, पण पहिल्या जागी माती खाल्ली ती खाल्लीच.

"एकावर कौल नाही. म्हणजे बाकीच्यांवरही छपरातूनच पडलं असेल," शेफ म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मेयर म्हणाले. त्यांना साइटजवळ काचेचा बोर्ड हवा होता आणि त्यासमोर थांबणारी माणसं हवी होती.

"फ्राऊ गायकवाड, साइटप्रमुख तुम्ही, रिपोर्टवर तुमची सही लागते," शेफ म्हणाले. "शुक्रवारी सकाळी द्या. आणि हो, तुमचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला संपतंय ना? बोलू आपण."

आवाज अगदी गोड. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्ट वर्षावर्षाचं असतं. पुढच्या वर्षी काम द्यायचं की नाही, हे शेफच्या हातात. दात पाडायचे असले की हा माणूस आधी पेढा देतो.

घरी गेले तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. त्या बार्शीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मेथी टर्किश दुकानातली, तक्रार बार्शीची. "तोंड का पाडलंय?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. बाळं, वळचण, स्मशान, हत्या.

"येडं हाय का तुझं सायेब?" सासूबाई म्हणाल्या. "दात न आलेलं लेकरू कोण स्मशानात नेऊन जाळतंय? आमचं पहिलं आठ दिसांचं गेलं. मामंजींनी घराच्या मागं वळचणीला पुरलं. वर पाटी पालथी घातली, कुत्र्यानं उकरू नये म्हणून."

"अहो आई, लांब का नाही नेलं?"

"लांब कशाला? एकटं पडलं असतं की."

त्यांनी पुढची जुडी घेतली. माझा नवरा संजय सोफ्यावर होता. आपल्याआधी कोणी होतं, हे त्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. तो उठला आणि आईच्या शेजारी खाली बसला. कितीतरी वेळ दोघांनी मिळून मेथी निवडली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला खोटं सांगायचं नाही.

पण बार्शीचा पुरावा नेकार नदीकाठी चालत नाही. शेफ म्हणाले असते, ही तुमची भारतीय भावना. आणि ते चूकही नसते. पुण्यात शिकताना मी घोड नदीकाठच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतली बाळं अभ्यासली होती. दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, आत बाळ, घराच्या जमिनीखाली. दात न आलेल्या बाळाला जाळत नसत, असं खुद्द रोमन लेखकानंही लिहून ठेवलंय. तरी हे सगळं दुसऱ्या घरांचं झालं. या घरात काय झालं ते याच हाडांनी सांगायला हवं होतं.

बुधवारी मी हाडं मोजायला बसले. बाळाच्या मांडीचं हाड किती लांब आहे यावरून ते किती आठवड्यांचं होतं, याचा अंदाज येतो. मुलगा की मुलगी ते कळत नाही. बाळं जन्मल्या जन्मल्या मारत असतील तर सगळी एकाच वयाची निघतील, पुऱ्या दिवसांची. इथे दोन अपुऱ्या दिवसांची होती. चार पुऱ्या दिवसांची किंवा त्याच्या आसपासची. आणि सातवं अडीच-तीन महिन्यांचं. तीन महिने कोणीतरी त्याला पाजलं होतं. मातीचे थरही बघितले. सगळे खड्डे एका वेळचे नव्हते. दोन खड्डे भिंतीच्या डागडुजीआधीचे होते, बाकीचे नंतरचे. म्हणजे वर्षानुवर्षं, बहुतेक पिढ्यानपिढ्या, या घरातली माणसं बाळ गेलं की त्याच भिंतीशी येत होती.

गुरुवारी पावसात ढीग उपसला. एका कौलासाठी. शेकडो तुकडे होते आणि माझं कौल त्यातलं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. दुपारी नाद सोडला. मग कंटेनरमध्ये बसून रिपोर्टच्या चौथ्या पानावर लिहिलं: "खड्डा एकवर अख्खं पालथं कौल होतं असं मला आठवतं. ते राडारोडा समजून मी नोंद न करता काढलं. ही माझी चूक आहे. म्हणून ते पुराव्यात धरलेलं नाही. बाकी सहा धरली आहेत."

शुक्रवारी शेफनी चौथं पान वाचलं आणि चष्मा काढला.

"हे डेंकमालआम्टमध्ये वाचतील," ते म्हणाले. डेंकमालआम्ट म्हणजे पुरातत्त्वाचं सरकारी ऑफिस, आमच्या कामावर त्यांची नजर असते. "कंपनीची लाज जाईल. काढून टाका."

"नाही काढणार."

"बरं. आपण समजुतीनं घेऊ. तुम्ही ही चूक काढा, मी 'हत्या' काढतो. 'गूढ' लिहू. 'सात बाळांचं गूढ'. छान आहे ना?"

"गूढ काय आहे त्यात? बाळं गेली. घरच्यांनी पुरली."

"फ्राऊ गायकवाड, ही तुमची भावना आहे."

"माझी भावना रिपोर्टात कुठे दिसतेय ते पान नंबर सांगा. मी आत्ता खोडते."

त्यांनी पानं चाळली. मी कॉफी ओतून घेतली.

"तुमची सही नसेल तर मी दुसऱ्याची घेईन," शेवटी ते म्हणाले.

"घ्या की. पण माझ्या सहीची कॉपी काल डेंकमालआम्टला गेली. साइटप्रमुखानं पाठवायची असते, नियमच आहे. तुम्हीच मला शिकवलाय."

मेयर आत आले, दोघांची तोंडं बघितली आणि बाहेर जाऊन फोनवर बोलू लागले. त्या दिवशी प्रेसला काही गेलं नाही.

डेंकमालआम्टच्या बाईंनी दोन आठवड्यांनी मला तासभर उलटसुलट विचारलं. चौथ्या पानावरून चांगलं झापलंही, आणि झापायलाच हवं होतं. मग म्हणाल्या, "तुमची बाकीची सहा कौलं मी त्यामुळेच मान्य करतेय." रिपोर्ट तसाच फाइलला लागला.

डिसेंबरात शेफ माझ्याशी बोलले. बोलले म्हणजे एक ईमेल आला, तीन ओळींचा. आम्ही अडीच महिने संजयच्या पगारावर काढले. बॉनजवळच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला, तिथल्या शेफिनच्या, म्हणजे बाई बॉसच्या, टेबलावर तोच रिपोर्ट उघडा होता.

"स्वतःची चूक इतकी स्पष्ट का लिहिलीत?" तिनं विचारलं.

"झाली होती म्हणून."

"तुमच्या जुन्या रिपोर्टांत एकही चूक दिसत नाही."

"तेव्हा सापडल्या नव्हत्या," मी म्हणाले. ती हसली नाही, पण मार्चपासून मी तिथे आहे.

काचेचा बोर्ड त्यानंतर लागला. समोर फारसं कोणी थांबत नाही, मेयर नाराज आहेत म्हणे. हत्या नाही, गूढ नाही. बोर्डावरची शेवटची दोन वाक्यं डेंकमालआम्टनं माझ्या रिपोर्टातून जशीच्या तशी घेतली: "या बाळांना मारल्याचा पुरावा नाही. झाकल्याचा आहे."

नाव माझं नाही त्यावर. नसतंच. धंद्यात एवढंच शिकले: आपण काय फेकलं ते आधी लिहावं, मग दुसऱ्यानं काय फेकलं ते सांगावं.