पुन्हा सांगा, आबाजी

आमच्या घरात आबाजींना "काय म्हणालात?" असं कुणी विचारत नसे. आबाजी म्हणजे माझे सासरे. हायस्कूलात इंग्रजी शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायची त्यांना सवयच नव्हती. खाटेवर बसून ते "ते आण" म्हणत. ते म्हणजे काय, हे आपण ओळखायचं. नजर कुठे आहे, ऊन कुठवर आलंय, जेवण झालंय की व्हायचंय, यावरून अंदाज बांधायचा आणि चष्मा, पेपर, अडकित्ता नाहीतर पाण्याचा तांब्या घेऊन जायचं. चुकलं तर ते नुसता हात हलवत. मग आपण पुढची वस्तू आणायची.

यात सगळ्यांत तरबेज माझी मुलगी. शाळेत जायला लागल्यापासून ती पहिल्याच फेरीत बरोबर वस्तू नेऊन द्यायची. विहारात भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, "पोट्टी मोठी हुशार आहे, न सांगता समजते तिले." मलाही ते कौतुकाचंच वाटायचं. या हुशारीपायी ती पुढे विमानाच्या परीक्षेत नापास होईल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

जाम चौरस्त्यावर आमचं मेडिकल आहे आणि दुकानाच्या मागे घर. समोरून नागपूर-हैदराबाद रस्त्याचे ट्रक दिवसभर जातात. एका सकाळी हैदराबादहून आलेल्या बसमधून मुलगी उतरली, बॅग काउंटरखाली सरकवली आणि म्हणाली, "रेडिओत नापास झाली, आई."

मी एका माणसाला खोकल्याचं औषध देत होते. ते दिलं, सुटे पैसे दिले आणि मग विचारलं, "कोणता रेडिओ?"

खरं सांगायचं तर तोवर मला वाटायचं, विमान चालवता आलं की माणूस पायलट होतो. गावातल्या लोकांना तेवढंही वाटत नव्हतं. ते आधी खर्च विचारत आणि मग, "तिले तर चष्मा आहे ना?" चष्मा चालतो. डोळे, कान, हृदय अशी सगळी कडक तपासणी होते, पण चष्मा लावून नीट दिसलं म्हणजे झालं. हे मी काउंटरवरून अर्ध्या गावाला समजावलं असेल. बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं, ते तिचं होतं. वाट काढायचं शास्त्र, हवामान, हवाई नियम, विमानाची यंत्रणा असे लेखी पेपर असतात, तेही झाले होते. दोनशे तासांचं उड्डाण परराज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये पुरं होत आलं होतं. त्यातले निम्मे तास स्वतः विमानाची प्रमुख म्हणून, काही रात्रीचे, काही बाहेर न बघता नुसत्या समोरच्या उंची-वेगाच्या घड्याळांवर.

मला या सगळ्याची भारी उत्सुकता. एकदा मी तिला विचारलं होतं, "पहिल्यांदा एकटी उडाली तवा बाजूची खुर्ची रिकामी होती. मंग विमान एकीकडे कललं नाई का?" ती हसली नाही. म्हणाली, "कलत नाई. पण हलकं होते, लवकर उचलते. मास्तर बाजूले नाई हे विमानालेच पह्यले समजते." हे उत्तर मला इतकं आवडलं की मी ते महिनाभर गिऱ्हाइकांना ऐकवलं.

तर रेडिओ. विमानातून टॉवरशी बोलायचं वेगळं लायसन्स असतं आणि त्याची तोंडी परीक्षा असते. परीक्षक टॉवर होतो, आपण कानाला हेडफोन लावून विमान व्हायचं. तो सूचना देईल, आकडे देईल. ते नुसते ऐकायचे नाहीत, जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे. त्याला रीडबॅक म्हणतात. ही परीक्षा झाल्याशिवाय पायलटचं लायसन्स नाही. आणि बाकीचं मिळवलेलं कायम टिकत नाही. उड्डाणाच्या चाचण्यांना मुदत असते. ती उलटली की त्या पुन्हा द्या. म्हणजे पुढच्या वेळी पास होणं भाग होतं.

"चुकलं कोठं?" मी विचारलं.

"त्याइनं एक फ्रिक्वेन्सी सांगितली. अर्धीच आइकू आली. उरलेली मी अंदाजानं म्हटली."

"अंदाजानं काऊन?"

"बहुतेक ठिकाणी तशीच असते म्हणून. मंग त्याइनं विचारलं, ऐकू आलं होतं का? मी म्हटलं, नाही सर. मंग सांगितलं कशाला, म्हणे."

"पण तू चुकीचं म्हटलं तर टॉवरवाला दुरुस्त करते ना? परत म्हणायले लावते ते त्याच्यासाठीच ना?"

"तो दहा विमानं सांभाळून राह्यला असते, आई. खात्रीनं म्हटलेली चूक त्यालेही बरोबरच वाटते. मले फक्त 'से अगेन' म्हणायचं होतं. पुन्हा सांगा. दोन शब्द."

"मंग काऊन नाई म्हटले?"

तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "मोठा माणूस होता. पांढरे केस. परत कसं विचारू?"

मी मागच्या दाराकडे बघितलं. आत खाटेवर आबाजी पेपर वाचत होते.

मला यात दुःखापेक्षा नवल जास्त वाटलं. वादळाचे ढग ओळखणं जमतं, रात्री उतरणं जमतं, पण एका म्हाताऱ्याला "पुन्हा सांगा" म्हणणं जमत नाही! शिवाय परत म्हणून दाखवणं हीसुद्धा तिची अडचण होतीच. आमच्याकडे मोठ्यांचं वाक्य त्यांच्या तोंडावर परत म्हणणं म्हणजे वेडावणं. त्यामुळे ती घाईघाईत "येस सर, रॉजर सर" म्हणून मोकळी होत होती. रॉजर म्हणजे आपलं "हाव". ऐकलं, एवढंच. काय ऐकलं ते कळायला मार्ग नाही. मेडिकलमध्ये मी दिवसाला कितीतरी "हाव हाव" ऐकते आणि तीच माणसं रात्रीची गोळी सकाळी घेतात. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला गोळ्या देऊन विचारू लागले, "सांगा बरं, कोणती कवा घ्याची?" गिरडचे एक काका भडकले. "मी का शाळेतला पोट्टा आहो का?" म्हणाले. पण सांगितलं त्यांनी. चुकीचं सांगितलं.

संध्याकाळी मी आबाजींसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, पोरीले परीक्षेची तयारी करून द्या लागते. तुमी टॉवर व्हा."

"मी?"

"टॉवरच्या सूचना ती कार्डावर लिहून देईन. तुमी फोनवरून वाचायचं. ती दुकानात बसन, तुमी येथी. मधातलं दार बंद."

"दार कायले बंद?"

"तुमचं तोंड दिसलं का तिले अंदाज येते."

इंग्रजी बोलायला मिळणार म्हणून ते खूश झाले. पण माझी पुढची अट ऐकून त्यांचा चेहरा बदलला.

"आणि बोलतानी कवळी काढून ठेवजा."

"कवळी काढू? मले बोबडं बोलाले लावते?"

"विमानात आवाज काही साफ येत नाई, बाबा. खरखर असते. तुमी कवळी काढली का तशेच बोलता."

माझे यजमान पुलगावला नोकरीला असतात आणि शनिवारी घरी येतात. ते त्या वेळी तिथे नव्हते हे बरंच झालं.

पहिले काही दिवस गमतीचे गेले. नऊला नाइनर म्हणायचं, कारण गोंगाटात नाइन आणि फाइव्ह सारखेच वाटतात. आबाजींनी आयुष्यभर पोरांचे उच्चार सुधारले होते, त्यांना हे पटेना. "असं इंग्रजी कोणी बोलते का?" म्हणत आणि तरी नाइनर म्हणत. आणखी एक नियम मला फार आवडला. 'टेक-ऑफ' हा शब्द टॉवरने खरोखर परवानगी देताना किंवा ती रद्द करताना, आणि पायलटने ती परत म्हणताना, एवढ्याच वेळी वापरायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, म्हणजे कुणी अर्धवट ऐकून धावपट्टीवर सुटायला नको. आबाजी म्हणाले, "आपण घरातून निघतानी 'जातो' नाई म्हणत, 'येतो' म्हणतो, तसंच हे." मी म्हटलं, तसंच नाही, आपलं शकुनासाठी आहे. पण ते कार्ड त्यांनी दोनदा वाचलं.

तयारी मात्र होत नव्हती. आबाजी पुटपुटत, समोरून ट्रक जाई, आणि ती आकडा अंदाजाने ठोकून देई. कितीदा तर अंदाज बरोबर येई. आजोबांचं डोकं तिला पाठ होतं. तिनेच लिहिलेल्या कार्डांतून ते कोणतं उचलतील हे तिला दाराआडूनही कळायचं. आणि चुकलं तरी आबाजी टोकत नसत.

"होतं जवळपास बरोबर," ते दार उघडून म्हणत.

"विमान जवळपास उतरवाचं का, बाबा?" मी म्हणे.

एका दुपारी मी त्यांची कार्डं बदलली. तिने लिहिलेली काढून घेतली आणि माझ्या हाताने वेडेवाकडे आकडे घातलेली दिली. तिला सांगितलं नाही. दुकानात गिरडचे तेच काका बसले होते. आबाजींनी फोनवर काहीतरी उंची सांगितली, सिमेंटचा एक मोठा ट्रक गेला, आणि मुलगी गप्प राहिली. अंदाज करायला काही आधारच नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं. मी बाम मोजायला लागले.

"से अगेन," ती हळूच म्हणाली.

 मग आत खाट करकरली आणि मधलं दार उघडलं. बनियनवर आबाजी उभे.

"कान कोठं ठेवले होते?" बिनदातांचा राग होता, पण राग होता. "साऱ्या नोकरीत मी एकदाच सांगत आलो. पुन्हा विचाराची कोणाची टाप नोती."

"मास्तर, मी तुमच्याच शाळेत होतो," काका मधेच म्हणाले. "तुमी सांगत ते आमाले कईच समजे नाई. पण विचारन कोण? मारलं असतं तुमी."

"तू गप ना बे!"

मुलगी उठून उभी राहिली होती. लहानपणी रागावले की ती अशीच उभी राहायची, आणि मग जाऊन कुठलीतरी वस्तू घेऊन यायची. मला वाटलं, आता ही पाणी आणायला जाणार.

"आबाजी," ती म्हणाली, "मले आइकू नाई आलं. पुन्हा सांगा."

आवाज लहान होता, पण वाक्य पूर्ण होतं. आबाजींनी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं बाम मोजणं चालूच होतं. ते वळले, आत गेले, दार लावलं.  मग उंची ऐकू आली, एकेक आकडा सुटा, स्वच्छ.

"बाबा," मी दाराआडून ओरडले, "कवळी काढा!"

त्यानंतर ती विचारू लागली. आधी खूपच विचारी, ऐकू आलेलंसुद्धा. मग कमी झालं. आबाजी चिडायचे, तरी परत सांगायचे. आणि हे फोनपुरतं राहिलं नाही. एका सकाळी ते खाटेवरून "ते आण" म्हणाले, तर ती ओट्याजवळून न हलता म्हणाली, "ते म्हणजे का, आबाजी?"  "अडकित्ता," आबाजी म्हणाले. मी तोवर त्यांचा चष्मा हातात घेऊन निम्म्या वाटेवर पोचले होते. इतक्या वर्षांत माझ्या किती फेऱ्या वाया गेल्या असतील, हा हिशेब मी केला नाही.

दुसऱ्या परीक्षेला ती त्याच रस्त्याने, तशाच बसने हैदराबादला गेली. परत येऊन एवढंच म्हणाली, "दोनदा से अगेन म्हटलं. दुसऱ्या वेळी ते वैतागले. पण सांगितलं." पुढे निकाल येईपर्यंत तिने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. उरलेले तास पुरे करायला ती फ्लाइंग स्कूलला निघून गेली. मीही विचारलं नाही. दुकानात मार्च अखेरचा स्टॉक चालू होता.

निकालाचा फोन दुकानात आला. "आबाजींले दे," ती म्हणाली. वाईट बातमी ती मलाच आधी सांगते की चांगली, हे मला ठरवता येईना. मी फोन आत नेऊन स्पीकरवर टाकला.

"आबाजी, रेडिओत पास झाली."

"हाव," आबाजी म्हणाले.

"'हाव' नाई चालत. परत म्हणा."

आबाजींनी कधी कुणाचं तोंडावर कौतुक केलेलं मी ऐकलेलं नाही, स्वतःच्या मुलाचंही नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मी काही मदत केली नाही.

"रेडिओत पास झाली," ते म्हणाले.

"कोण?"

"माही नात. माही नात रेडिओत पास झाली."

"बरोबर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे. त्यापुढे मोठ्या विमानाचं वेगळं शिक्षण असतं, कंपन्यांच्या परीक्षा असतात. ते मी आबाजींना सांगणार होते. पण ते चपला शोधायला लागले होते.

"ते आण," ते म्हणाले.

"ते म्हणजे का, बाबा?"

"कवळी. चौकात जाऊन सांगा लागते. बिना दातानं कोणाले समजन?"