पालांडेसाहेबांची भरतीची वेळ

सहदेव पालांड्यांची बायको वर्तकनगरच्या शेजारणींना सांगायची, "हे पाणी खात्यात आहेत." कुठल्या पाण्याच्या, ते ती सांगत नसे.

खाडीकाठ मलनिस्सारण मंडळ नावाच्या एका लहानशा सरकारी कारभाराचं केंद्र पालांडे चालवायचे. वसाहतींचं सांडपाणी तिथं यायचं, टाक्यांमधून फिरायचं आणि एका जाड नळातून खाडीत पडायचं. पाण्यात हवा घुसळणारी तीन यंत्रं होती. त्यातलं एक चालायचं, तेही लहर लागली तर.

शहाऐंशीच्या सुमाराला नियम कडक झाले. दर तीन महिन्यांनी एक सरकारी तपासनीस येणार, नळाच्या तोंडाशी बाटली भरणार आणि पाण्याची परीक्षा घेणार. एका यंत्राच्या जिवावर काय पास होणार, म्हणून पालांड्यांनी आशाच सोडली होती. पण पहिलाच निकाल उत्तम आला. दोन दिवस विचार केल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बाटली भरली तेव्हा भरती होती आणि खाडीच नळात शिरली होती. तपासनीस खाडीचं पाणी घेऊन गेला होता!

तेव्हापासून तपासणीची तारीख सरकार ठरवायचं आणि वेळ पालांडे. ते मूळचे राजापूरच्या वरच्या डोंगराळ भागातले, भरती-ओहोटीचं गणित त्यांना कधी जमलं नाही. ते जमायचं दगडाबाईला. कोळशेतची ही कोळीण सकाळी टोपली घेऊन केंद्राच्या फाटकाशी थांबायची.

"मावशी, गुरुवारी भरती कधी?"

दगडाबाई बोटांवर तिथी मोजायची. "अमावस बुधवारीच नं? मंग दोन वाजता ये रं सायबा, खाडी पार वर येल."

मग गुरुवारी तपासनिसाला आधी चहा, मग जुन्या फायली, मग दगडाबाईच्याच म्हावऱ्याचं कालवण आणि भात. दोन वाजले की पालांडे हात पुसत म्हणायचे, "चला, आता सॅम्पल घेऊ." एकदा प्रयोगशाळेतून पत्र आलं की पाणी चांगलं आहे, पण त्यात मीठ फार का? पालांड्यांनी गंभीरपणे उत्तर पाठवलं, "आमच्या हद्दीतले रहिवासी आमटीत मीठ जास्त घालतात." त्यावर पुन्हा कोणी काही विचारलं नाही.

नव्वदनंतर नियम आणखी बदलले. घाणीच्या मर्यादेचे आकडे खाली आले, प्रयोगशाळेतली पाच दिवसांची परीक्षा तीन दिवसांवर आली. बाकीच्या केंद्रांचे प्रमुख कपाळाला हात लावून बसले. पालांडे म्हणाले, "बरंच झालं, दोन दिवसांची काळजी वाचली."

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात मात्र त्यांच्याच तोंडून एक वाक्य गेलं. दगडाबाईने दिलेली कोळंबी आदल्या दिवशी घरी कोणी खाल्ली नव्हती. फाटकाशी उभं राहून ते म्हणाले, "मावशी, तुमच्या कोळंबीला हल्ली वास येतो हो."

दगडाबाई टोपलीवरून ओलं फडकं सारता सारता थांबली. तिचा नवरा गोमाजी आताशा दिवसभर जाळं टाकून अर्धी टोपली घेऊन यायचा. "वास येतो?" ती म्हणाली. "त्यो वास कुनाचा हाय रं सायबा?"

पालांडे हसले आणि विषय बदलला. "पुढच्या शुक्रवारी तपासणी आहे. दशमी. भरती कधी?"

तिनं बोटं मोजली. जरा जास्तच वेळ मोजली. "अडीच," ती म्हणाली.

शुक्रवारी पालांड्यांनी तपासनिसाला कालवणावर पापलेटची तुकडीही वाढली. अडीचला दोघं ढेकर देत नळाकडे गेले आणि पालांड्यांचे पाय जागीच थांबले. खाडी पार आत गेली होती. नुसता चिखल, चिखलात पळणाऱ्या चिंबोऱ्या आणि त्यावर उघडा पडलेला नळ. नळातून डांबरासारखी काळी धार पडत होती.

तपासनिसाने बाटली भरली, नाकाला रुमाल लावला. "आठ वर्षं जेवलो तुमच्याकडे," तो म्हणाला, "पण हा नळ आज पहिल्यांदा पाहिला."

दुसऱ्या दिवशी पालांडे फाटकाशी तिची वाट बघत उभे. "मावशी, चुकलात तुम्ही!"

"चुकलाव?" दगडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "चालीस वरसं खाडीवर काडली. अडीचला ओहोटी, ह्यो माजा नातू बी सांगंल. तुना बगावं म्हनून सांगितलं."

पालांड्यांना राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. तिनं टोपली उचलली आणि त्या दिवशी त्यांना काही न विकताच निघून गेली.

निकाल नापास, वर नोटीस. खुलासा लिहायला पालांड्यांनी जुनी फाइल काढली. यंत्रं बदलून द्या म्हणून त्यांनी वरच्या कार्यालयाला सात पत्रं लिहिली होती. प्रत्येकावर तोच शेरा होता, "तपासणीचे निकाल समाधानकारक असल्याने आवश्यकता दिसत नाही." सातवा शेरा वाचून ते खुर्चीत मागे टेकले आणि स्वतःलाच एक शिवी हासडली.

नोटिशीने वर पळापळ झाली. कोर्टाचं नाव निघाल्यावर जी यंत्रं आठ वर्षांत आली नव्हती, ती पाच महिन्यांत आली. तिन्ही सुरू झाली त्या सकाळी पालांडे टाकीच्या कठड्याला धरून उभे राहिले. पांढरा फेस उसळत होता. त्यांना उगाच कोणाला तरी हात धरून आणून दाखवावंसं वाटलं. दगडाबाई आली, डोकावली आणि म्हणाली, "दूध उतू गेलंय जनू."

खाडी काही त्यामुळे काचेसारखी झाली नाही. वरच्या अंगाचे कारखाने होतेच. पण नळापाशी बोईटं पुन्हा दिसायला लागली आणि गोमाजी तिथं जाळं टाकायला लागला.

पालांडे मात्र पुरते बिघडले. आता ते तपासनिसाला ओहोटीलाच न्यायचे, पास होवो की नापास. वर्षभरात एकदा वीज गेली, यंत्रं बंद पडली आणि केंद्र नापास झालं. मुख्य अभियंत्यांनी बोलावून घेतलं.

"पालांडे, पूर्वी तुम्ही कधी नापास होत नव्हता. पास व्हायला काय घ्याल?"

"एक जनरेटर, साहेब."

दिवाळीच्या आत आला.