कच्चा टाका

शिंपीमास्तरांच्या कॉलरला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असायची. कपडे धुताना ती बायकोच्या बोटात शिरायची आणि बायको घर डोक्यावर घ्यायची. "एक दिवस तुमच्याच नरड्यात जाईल ती!" मास्तर हसण्यावारी न्यायचे. लोकांची मापं घेण्यात चाळीस वर्षं गेली, आणि साठी उलटल्यावर गडी मेहुण्याला घेऊन बारा दिवसांच्या डोंगरवाटेला निघाला. तंबूसुद्धा विकतचा नाही, स्वतः शिवलेला!

मेहुणा पाव भाजणारा. जन्म भट्टीपाशी गेलेला, थंडी कशाशी खातात हेच त्याला ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी खिंड चढताना असं ऊन, की मेहुण्याने जाकीट काढून कमरेला बांधलं. दुपारी डोंगरामागून ढग आला आणि बघता बघता गारा! ओढा ओलांडताना मेहुणा घसरला, नखशिखांत भिजला. आधी दात वाजले, मग जीभ जड झाली. आसपास झाड नाही, गाव चार तासांवर. मास्तरांनी कसाबसा तंबू उभारला, त्याला कोरड्या कपड्यांत गुंडाळलं, तोच वाऱ्याने हिसका दिला आणि छताची शिवण सरसर उसवली.

मास्तरांनी शिवण हातात धरून पाहिली. कापड धड होतं. लोंबत होता तो पांढरा कच्चा दोरा. गिऱ्हाइकाला अंगात घालून बघायला देताना घालतात तो! पक्की टीप मारायची राहूनच गेली होती. तंबू घालून बघायला कोण येणार?

गारा मेहुण्याच्या तोंडावर पडत होत्या.

"दाजी... झोप येतेय."

"झोपलास तर तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू? बोल! पीठ कसं मळतोस?"

"आधी... पाणी..."

मास्तरांनी कॉलर चाचपली. बोटं लाकडासारखी. सुई निसटली, दोरा करंगळीला अडकला म्हणून वाचली. चार बोटांवर एक टाका, दात लावून ओढायचा.

"पुढे?"

मास्तरांनी त्याला कोपराने ढोसलं.

"अरे पुढे काय?"

"...मीठ."

दोरा संपला तेव्हा वीतभर भोक उरलं होतं. ते मुठीत आवळून मास्तर बसून राहिले. अंधारून येता येता वारा पडला, तेव्हा कपड्यांच्या गुंडाळीतून मेहुण्याचा आवाज आला, "दाजी, लोकांचे कपडे लग्न झाल्यावर देता ते देता, तंबू तरी पुरा शिवायचा!"

मास्तर रडले की हसले, त्यांनाच कळलं नाही. मूठ मात्र सुटेना. मेहुण्याने एकेक बोट उलगडलं.

घरी आल्यावर बायकोने सदरा धुतला. बोटाला काहीच टोचलं नाही. तिने सगळं ऐकलं. सदरा वाळल्यावर नवी सुई घेतली, दोरा ओवला, आणि स्वतःच्या हाताने कॉलरला टोचून ठेवली.