गणपतजींची डाक

गोंदियात मेंदूची ओपीडी चालवली की औषधांची सँपलं आणि किस्से, दोन्ही ठेवायला जागा पुरत नाही. सँपलं वाटून टाकता येतात. किस्से डोक्यात पडून राहतात, आणि माझ्या डोक्यातले निम्मे देवरीच्या गणपतजींचे!

गणपतजी रिटायर्ड पोस्टमन. मोबाईल नवे होते तेव्हाची गोष्ट. विसरायला लागले म्हणून बायको, भागरताबाई, त्यांना घेऊन आल्या. माझ्या टेबलावरच्या शाईच्या पॅडवर अंगठा टेकवत म्हणाल्या, "जन्म गेला पोस्टमनच्या घरात, अन् मी अंगठाबहाद्दर!" मग हळूच, "बाकी सारं विसरू द्या जी. मले ओळखलं पाहिजे, बस."

तपासणी सुरू झाली.

"गणपतजी, आज वार कोणता?"

मागच्या बाकावर नंबर लावून बसलेले चौघं ओरडले, "मंगळवार!"

"महिना?"

"श्रावण!"

बाकाला पैकीच्या पैकी मार्क, पेशंट नापास!

मी समजावलं, मेंदूतली एक पेशी दुसरीला रसायनाच्या हाती निरोप धाडते. दुसरीनं दार उघडून तो आत घेतला, तरच आठवण टिकते. या आजारात निरोप वाटेतच अडतात.

गणपतजी तडकले. "दार बंद असन तं शेजारी विचारा लागते! डाक परत काऊन नेता?"

मी गोळ्या लिहून दिल्या.

त्याच दिवशी लक्षात ठेवायला तीन शब्द दिले होते. पुढच्या महिन्यात आत शिरतानाच गणपतजी म्हणाले, "आंबा, खुर्ची, बैल!" भागरताबाईंनी देवरीपासून एसटीत घोकून घेतलं होतं. मी नवे शब्द दिले, तशा त्या भडकल्या. "पेपर काऊन बदलला, डाक्टरसाहेब?"

एकदा गणपतजींनी सिस्टरच्या टेबलावरचे सगळे केसपेपर उचलले आणि नावं पुकारत बाहेर वाटले. एकही चुकला नाही! सगळ्यांना एकच हुकूम, "सही करा!" त्या दिवशी ओपीडी लवकर आटोपली.

पण आजार पुढं सरकतच होता. दोन वर्षांनी मी भागरताबाईंकडे बोट दाखवलं. "या कोण?"

गणपतजींनी बराच वेळ पाहिलं. "असतीन कोनाच्या घरच्या."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मलाही फार वाईट वाटलं. मी रिपोर्टच्या लिफाफ्यावर बाईंचं नाव लिहिलं आणि गणपतजींच्या हातात दिला.

त्यांनी नाव वाचलं. उठले. सिस्टरला ओलांडलं, सोबत आलेल्या मुलाला ओलांडलं, बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"डाक आहे."

बाईंनी हात पुढं केला. गणपतजींनी लिफाफा मागं घेतला, वळून माझ्या टेबलावरचं शाईचं पॅड उचललं आणि म्हणाले, "पहिले अंगठा द्या."