आप्पा आणि हमीदाबीच्या तलंगा

जगात कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध हलवू नये, असं मानणारे पुष्कळ असतील. पण तसं वागून रोज स्वतःचं नुकसान करून घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे सिरसाळ्याचे आमचे घरमालक आप्पा. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि आप्पांच्याच अंगणातल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, त्यामुळे हे सगळं मी ओट्यावर बसून पाहिलेलं आहे. आप्पांचं किराणा दुकान होतं. दुकानाच्या पायरीवर गाढव येऊन बसलं, तर आप्पा गाढवाला उठवत नसत, गिऱ्हाइकाला मागच्या दारानं यायला सांगत. एखादी बाई गूळ घ्यावा की साखर या विचारात पडली, की आप्पा तागडी खाली ठेवून म्हणत, "घाई न्हाई, ताई. घरी इचारून या." ताई घरी विचारायला जात आणि दुसऱ्याच दुकानातून गूळ घेऊन जाताना दिसत. एकुलता मुलगा दुकानात बसायचं सोडून पुण्याच्या कंपनीत जातो म्हणाला, तेव्हा सगळी भावकी त्याची समजूत घालायला गोळा झाली होती. तास-दीड तास चर्चा चालली. शेवटी आप्पा आतून बाहेर आले ते त्याची बॅग भरूनच.

अशा माणसाच्या पदरात कोंबड्या पडाव्यात, हा योग विलक्षणच. कारण आप्पांचं घर कडक शाकाहारी. काकू शिवपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत, आणि अंडं हा शब्द त्यांच्या कानावर पडलेला चालत नसे. गणितात कुणाला शून्य मिळालं, तर त्यांच्यासमोर मी आवर्जून भोपळाच म्हणत असे. पण दोन घरं पलीकडे हमीदाबी नावाची एकटी बाई कोंबड्या पाळून अंडी विकायची. तिच्या लेकीचं परभणीला बाळंतपण निघालं आणि नेमकी त्याच आठवड्यात तिची उरलीसुरली कोंबडीही मुंगसानं नेली. मागं राहिली सात पिल्लं. ती पाटीखाली झाकून हमीदाबी थेट आप्पांच्या दारात आली. "या गल्लीत मला कुनाचाच भरोसा न्हाई, आप्पा," ती म्हणाली. "एक मांजरानं नेली, एक घारीनं नेली म्हनतील, अन् शिजवून खातील. तुमच्या घरात कोंबडीचं सालन व्हायचं न्हाई. ही माझी अमानत समजा. आठ दिसांत येते." आप्पा गहिवरले. काकूंनी देवघराची खिडकी लावून घेतली. हमीदाबीचे आठ दिवस पुढे चांगले तीन-चार महिने चालले.

आप्पांनी साबणाच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून अंगणात खुराडं केलं. पिल्लं वाढली, पिसं फुटून अर्धवट वयाच्या तलंगा झाल्या, पाटीखाली मावेनात. आता त्यांनी दिवस मावळला की खुराड्यात जायचं होतं. पण आत जायचं असतं हे शिकवायला आईच नव्हती. त्यात समोर नुकताच एक एसटीडी बूथ उघडला होता. गावात फोनचं नवं वेड आलं होतं आणि बूथवाल्यानं दाराबाहेर अशी झगझगीत ट्यूब लावली होती, की तिच्याखाली सगळ्या परगण्यातले किडे जमत. तलंगांच्या दृष्टीनं दिवस मावळतच नव्हता, उलट जेवणाची खरी पंगत तेव्हाच बसायची. आप्पा वाटीत ज्वारी घेऊन "या या या" करत मागं फिरायचे. ज्वारी खाऊन त्या पुन्हा ट्यूबखाली. मग आप्पा उकिडवे बसून समजूत घालायचे, "बायांनो, घर केलंय तुमच्यासाठी. एकडाव बघून तर घ्या. न्हाई आवडलं तर सांगा."

एकदा त्यांना वाटलं, आत कसं जायचं हेच यांना कळत नसेल. म्हणून त्यांनी टोपी काढून ठेवली आणि स्वतः आत शिरून दाखवलं. कमरेपर्यंत गेले आणि अडकले. सातही तलंगा गोल करून शांतपणे बघत राहिल्या. बूथमध्ये एक पाहुणा पुण्याला बोलत होता, तो ओरडून सांगू लागला, "आरं पावसाचं सोड, हितं आप्पा खुराड्यात घुसलेत! न्हाई बे, कमरंपतूर. पाय बाहेर हायेत." मी पाय धरून ओढलं, तेव्हा एक फळी गळ्यात घेऊनच आप्पा बाहेर आले. दुसऱ्या दिवशी त्याच बूथवर मुलाचा पुण्याहून फोन आला. मी शेजारीच होतो. "आप्पा, तुमी खुराड्यात गेलते म्हनं?"

"गेलतो," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "तसं बरं हाय. हवा जरा कमी हाय."

पण एका संध्याकाळी कुंपणाशी मुंगूस आलं. कालवा झाला, आप्पा वाटी टाकून धावले, मुंगूस पळालं. एका तलंगेची शेपटी मात्र तेवढी त्याच्या तोंडात गेली. त्या दिवशी आप्पा ताटावरून तसेच उठले. "हमीदाबीला काय तोंड दाखवू?" एवढंच म्हणत राहिले. मला राहवेना. "आप्पा, सरळ धरा आणि आत टाका. कडी लावली की झालं."

"मास्तर, आज धरून टाकल्या तर उद्या बी धरूनच टाकाव्या लागतील. त्यान्ला ते घर आपलं वाटलं पायजे."

तेव्हा दारातून काकू बोलल्या. कोंबड्यांच्या बाबतीत त्यांनी तोंड उघडण्याची ती पहिलीच वेळ. "आत मिट्ट अंधार, अन् बाहेर लग्नाचा मांडव. त्या कशापायी जातील आत? मी तरी जाईन का?" एवढं म्हणून त्या आत गेल्या आणि देवघरातला लाल झिरोचा बल्ब वायरीसकट काढून घेऊन आल्या. आप्पांनी तो जपून खुराड्यात टांगला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी बूथवाल्याला विनंती केली आणि दिवेलागणीला त्यानं थोडा वेळ ट्यूब घालवली. रस्ता अंधारला. अंगणात फक्त खुराडं उजळलेलं, लाल उजेडात आतली ज्वारी दिसत होती. तलंगा गोंधळल्या, कुजबुजल्यासारख्या कुरकुरल्या, आणि मग शेपटी गेलेलीच सगळ्यांत आधी आत गेली. मागोमाग बाकीच्या. आप्पा कडी लावायला पुढं झाले, तशा काकू कडाडल्या, "थांबा! एक बाहेर हाय. ती काळी, नळापाशी." आप्पांनी वळून त्यांच्याकडं असं पाहिलं, की मीच नजर दुसरीकडं वळवली.

पुढं ट्यूब चालू असली तरी त्या आपणहून आत जाऊ लागल्या. आणि मग हमीदाबी आली. धष्टपुष्ट कोंबड्या बघून तिनं आप्पांच्या पायाला हात लावला आणि सगळ्या घेऊन गेली. पण त्याच दिवशी सूर्य कलला, तशा सातही जणी तिच्या अंगणातून निघाल्या, गल्लीतून एकीमागं एक चालत आल्या आणि आप्पांच्या दाराशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आप्पा आनंदानं वेडे होतील. त्यांनी मात्र खुराड्याला कडी घातली, घरातला दिवा मालवला आणि दार लोटून काकूंसह आत अंधारात बसून राहिले. बाहेर तलंगा बराच वेळ ओरडत होत्या. शेवटी हमीदाबी पाटी घेऊन आली आणि एकेक उचलून घेऊन गेली.

असं काही दिवस चाललं. मग पाच यायला लागल्या, मग दोन. एका संध्याकाळी एकही आली नाही. आप्पा ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. गल्लीच्या टोकापर्यंत पुन्हा एकदा नजर टाकून म्हणाले, "शिकल्या, मास्तर. लई शहाण्या निघाल्या." आतून काकूंनी जेवायला हाक मारली. आप्पा "आलो" म्हणाले आणि बसूनच राहिले.