बारा आण्यांचा पाडा

भुताखेतांचं भय मला कधी वाटलं नाही. माहेर पूर्णगडचं, खाडीच्या तोंडावरचं. वाऱ्यावादळाची सवय जन्मापासूनची. पण लग्न होऊन भाट्याच्या खाडीपलीकडच्या गावात आले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात एका लोखंडी चिमट्याने माझी झोप उडवली. तो चिमटा सरकारी ढोरडॉक्टरांचा होता. गावठी पाडे वळू होण्याआधी त्या चिमट्याने खच्ची करायचे, म्हणजे गुरांची पैदास सुधारेल, असा त्या वर्षांतला हुकूम होता. हुकूम वाईट नव्हता, हे आता म्हणते. तेव्हा नुसतं चिमट्याचं नाव निघालं तरी मी हातातलं काम टाकून गोठ्यात डोकावून यायची.

घरात सासू आणि मी, दोघीच. सासरे माझ्या लग्नाआधीच समुद्रात गेले ते परत आले नव्हते. माझा नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि तोही गलबतावर खलाशी. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून तो मलबारच्या खेपेला निघाला. एवढ्या लांबची त्याची ती पहिलीच खेप. त्याच संध्याकाळी सासू ग्रामदेवतेपुढे उभी राहिली आणि देवाला पाडा बोलली. गाय तेव्हा गाभण होती. पाडा झाला आणि मुलगा मिरगाच्या आत सुखरूप घरी आला, तर पाडा देवाच्या नावाने सोडायचा, असा नवस. देवाला द्यायचं जनावर मात्र आख्खं हवं. अंगावर डाग नको, कानाला चीर नको, आणि खच्ची तर नकोच नको. तसं काही झालं तर नवस उलटतो, असं आमच्याकडे सगळे मानत. मीही मानत होते. घरातला एक माणूस पाण्यावर असला की माणूस काहीही मानतो.

आता त्या पाड्याच्या रक्ताची गोष्ट. सरकारने रत्नागिरीच्या वाटेवर एका ठिकाणी गीर जातीचा मोठा वळू आणून ठेवला होता. गावठी गाय त्याला दाखवली की होणारं वासरू आठ आणे गीर. ती कालवड मोठी होऊन पुन्हा गीर वळूला दाखवली की तिचं वासरू बारा आणे. रुपयाचे सोळा आणे तेव्हा चालत होते, त्यामुळे हा हिशेब शेंबड्या पोरालाही कळायचा. नियम असा होता, की बारा आणे किंवा वर असलेला पाडा सरकारदरबारी नोंदवून वळू म्हणून ठेवता येईल. त्याखालचा प्रत्येक पाडा चिमट्याखाली. आमची गाय आठ आण्यांची, तिच्या कानात तसा पितळी बिल्लाही होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी सासू आणि मी तिला जुन्याच्या जागी नव्याने आलेल्या गीर वळूकडे घेऊन गेलो होतो. म्हणजे पाडा बारा आण्यांचा. सरळ होतं सगळं.

सरळ नव्हतं. परत येताना सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळमाळावर, गाईने हिसका देऊन दावं सोडवलं आणि ती गावच्या गुरांत शिरली. करवंदीच्या जाळ्यांतून आम्ही दोघी तिच्यामागे धावलो. सापडली तेव्हा उन्हं कलली होती आणि गावचा बुटका काळा वळू तिच्याजवळच उभा होता. सासू मला म्हणाली, कुणाकडे बोलू नकोस. मी नाही बोलले. पण पाडा झाल्यावर मी पहिल्यांदा पाहिले ते त्याचे कान. गिराचे कान लांब, पानासारखे दुमडलेले असतात. ह्याचे लांब म्हणावेत तर लांब नव्हते, आखूड म्हणावेत तर आखूडही नव्हते. बाप जर तो काळा असेल, तर पाड्याच्या अंगात उरतात फक्त चार आणे. रोज सकाळी शेण काढताना मी ते कान न्याहाळायची. वाढतील, असं स्वतःला सांगायची.

बिल्ला मारायला सरकारी माणूस तीनचारदा दाराशी येऊन गेला. बिल्ला म्हणजे कानाला आरपार भोक. ते भोक सासूला नको होतं, कारण मग पाडा आख्खा कसला? ती पाड्याला दूर सड्यावर पाठवून द्यायची आणि त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावायची. एकदा मी धीर करून म्हटलं, बिल्ला नसला तर ते त्याला गावठीच धरतील. तर म्हणाली, तू कालची पोर, देवाधर्मातलं तुला काय कळतं. झालं. मग जे व्हायचं तेच झालं. वैशाख लागला तशी दवंडी पिटली: देवळाशेजारच्या माळावर सगळे पाडे आणायचे, बिल्ला नाही त्याला चिमटा. दोन पोलीसही येणार होते. भोक टाळायला म्हणून लपवला, तो आता पुरता खच्ची व्हायची वेळ आली. आगीतून फुफाट्यात.

त्या दिवसांत मी धड जेवले नाही. शेजारच्या गावांतली गलबतं एकेक करून लागत होती. आमच्या गलबताची खबर गोव्यापर्यंतची होती, त्यापुढची नव्हती. वारा फिरला की मी अंगणात येऊन उभी राहायची. चिमटा आणि समुद्र, ही दोन भयं माझ्या मनात एकच होऊन गेली होती. इकडे पाड्याला काही झालं की तिकडे नवऱ्याला काही होणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

माळावर नेण्याच्या दिवशीच नेमकी मी बाहेरची होते. देवळाच्या आवारात पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून माळाच्या कडेला बांधावर पाड्याचं दावं धरून उभी राहिले. पुढे एकेक पाडा आडवा पाडत होते. चिमटा मिटला की जनावर ओरडायचं ते माणसासारखं. आमचा पाडा माझ्या मांडीत डोकं खुपसून थरथरत होता, की मीच थरथरत होते आणि ते त्याला लागत होतं, कोण जाणे.

ढोरडॉक्टर तरुण होता, देशावरचा, उन्हाने लालबुंद झालेला. बांधापाशी येऊन त्याने आधी सासूने धरून आणलेल्या गाईचा बिल्ला पाहिला. मग पाड्याच्या कपाळावरून हात फिरवला, गळ्याखालची पोळी ओढून पाहिली, आणि एक कान बोटांत धरून तसाच उभा राहिला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. सरकारी वळू सांभाळणारा माणूसही आला होता, त्याला त्याने विचारलं, ही गाय आली होती का? आली होती, तो म्हणाला. सड्यावरचं त्याला काय ठाऊक? सासू जमिनीकडे बघत होती.

"बारा आणे," डॉक्टर म्हणाला. "पण बिल्ला आत्ताच्या आत्ता मारायचा. नाहीतर मला ह्याला सोडता येणार नाही."

सासूने हात जोडले. म्हणाली, देवाचा पाडा आहे, देवाला विचारते आणि मग सांगते. डॉक्टर वैतागला, पण उरलेली जनावरं होईपर्यंत थांबतो म्हणाला. सासू देवळात गेली. गुरवाने कौल लावला असणार, म्हणजे देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवून. उजवीकडची पडली तर देवाची परवानगी, डावीकडची पडली तर नाही. मी बांधावरून देवळाच्या दाराकडे डोळे लावून बसले. माळावरचे पाडे संपत आले. शेवटचा आडवा पडला तेव्हा सासू बाहेर आली. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"देवानं उजवा दिलान," ती मला म्हणाली. "टोच म्हणावं."

माझ्या अंगातलं भय असं उतरलं, की पाड्याचं डोकं मीच डॉक्टरपुढे धरलं. पाड्याच्या कानातून रक्ताचा एक थेंब आला तोही मी पदराने टिपला. देवानेच सांगितलं म्हटल्यावर कसलं भ्यायचं? त्या दिवशी मी दोन वेळा भात वाढून घेतला. वारा सुटला तरी आता मला गाढ झोप लागायची.

सासूचं मात्र बिनसलं. पेजेची वाटी पुढ्यात घेऊन बसायची आणि तशीच उचलायची. पाड्याच्या कानाला दिवसातून कितीदा तरी हळद-तेल लावायची. खाडीवर कुणी ओरडलं तरी दचकायची. म्हातारपण, दुसरं काय, असं मी मनात म्हणायची. कधी चिडून बोलूनही दाखवायची. ती उलट उत्तर देत नसे, आणि हे तिच्या स्वभावात मुळीच बसत नव्हतं.

मिरग दोन दिवसांवर आला असताना माझा नवरा घरी आला. काळाठिक्कर पडला होता, दाढी वाढली होती, खांद्यावर वळकटी. पायरीवर त्याने पाय ठेवला, तशी सासू पुढे झाली. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला नाही. आधी त्याचे दोन्ही कान चाचपले, एक झाला की दुसरा, पुन्हा पहिला. मग ती जी रडायला लागली, ती थांबेना.

पाडा आम्ही देवाला सोडला. तो पुन्हा गोठ्यात आलाच नाही, गावभर हिंडायचा, आणि सगळ्यांत आधी आमच्याच भातरोपांच्या तरव्यात शिरायचा. देवाचा म्हणून त्याला हाकलायचीही पंचाईत. अशाच एका सकाळी आम्ही दोघी बांधावर उभ्या राहून त्याचं चरणं बघत होतो, तेव्हा सासू सहज बोलल्यासारखी बोलली.

"पाकळी पडली नव्हती गो. उजवी नाय, डावी नाय. देव काय बोललाच नाय त्या दिवशी."

मग मला खोटं का सांगितलंत, असं मी विचारलं.

"तर काय करू?" ती म्हणाली. "दोघींनी कशाला भ्यायचं? मी होते तेवढी पुरे."